केंडल, जेनिफर

केंडल, जेनिफर : (२८ फेब्रुवारी १९३३ – ७ सप्टेंबर १९८४). रंगभूमी व चित्रपट या दोन्ही माध्यमांत काम केलेल्या इंग्रज अभिनेत्री आणि मुंबईतील जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या उभारणीमागील प्रमुख व्यक्ती. जन्म इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे. जेफ्री केंडल आणि लॉरा लिडेल या नटदांपत्याची ही थोरली मुलगी. ब्रिटिश दूरचित्रवाणी आणि रंगभूमीवर पुढे नावाजलेल्या फेलिसिटी केंडल ही धाकटी बहीण. वडिलांचे मूळ आडनाव ब्रॅग. वेस्टमोर्लंड परगण्यातील केंडल हे त्यांचे जन्मगाव, आणि त्या गावाचेच नाव त्यांनी रंगमंचासाठी घेतले.

जेफ्री केंडल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी नाटके घेऊन भारतात आले आणि या देशात गुंतले. ‘शेक्सपिअराना’ या नावाने त्यांनी फिरती नाटक मंडळी काढली. शाळा-महाविद्यालयांची सभागृहे, संस्थानिकांचे वाडे, थंड हवेच्या ठिकाणची क्लबघरे, लहान-मोठ्या शहरांतील नाट्यगृहे अशा जागी ही मंडळी शेक्सपिअर आणि काही प्रमाणात शॉ यांची नाटके करीत. सामानाच्या पेट्या रेल्वेने पुढे जात, मागून नटसंच. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडाशी हे जगणे बरेच जुळणारे होते : मालक हाच मुख्य नट, त्याची बायको-मुले कंपनीत, आणि घर व रंगमंच यांच्यात भिंत नाही. बंगाली रंगभूमीचे पुढचे मोठे नाव उत्पल दत्त यांनीही उमेदवारीच्या वर्षांत याच मंडळीत काम केले.

जेनिफर यांचे नाट्यशिक्षण म्हणजे हीच कंपनी. त्या नायिकेच्या भूमिका करीत. पण अशा मंडळीत नायिकेलाही कपड्यांची डागडुजी, रंगभूषा, सामानाची मोजदाद यांतून सुटका नसते. लहान संच, मोठी नाटके आणि दर मुक्कामी बदलणारा रंगमंच यांमुळे आवाज, हालचाल आणि जागेचे भान पक्के होत गेले. पुढे मुंबईत नाट्यगृह चालवताना त्यांच्या कामाला जी शिस्त दिसली, तिची मुळे या दौऱ्यांत आहेत.

१९५६ साली कलकत्त्यात शशी कपूर यांच्याशी त्यांची ओळख झाली. शशी कपूर तेव्हा अठरा वर्षांचे, वडील पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये पडेल ते काम करणारे. १९४४ मध्ये सुरू झालेली पृथ्वी थिएटर्स हीसुद्धा गावोगाव फिरणारी हिंदी नाटक मंडळी होती. शशी कपूर काही काळ शेक्सपिअरानात दाखल झाले आणि इंग्रजी नाटकांतून कामे करू लागले. दोघांनी लग्न करायचे ठरवले, पण जेफ्री केंडल यांचा त्याला विरोध होता. मुलगी परजातीत जाते यापेक्षा कंपनीची नायिका जाते हे त्यांना जास्त लागले असावे. नाटक मंडळीच्या मालकाला ते लागणारच. जुलै १९५८ मध्ये विवाह झाला आणि जेनिफर मुंबईकर झाल्या. १९६० मध्ये पृथ्वी थिएटर्स बंद पडली. संसारासाठी शशी कपूर चित्रपटांकडे वळले आणि थोड्याच वर्षांत हिंदी पडद्याचे आघाडीचे नायक झाले. कुणाल, करण आणि संजना ही त्यांची मुले.

जेनिफर यांची चित्रपट-कारकीर्द आकाराने लहान आहे. मर्चंट-आयव्हरी यांच्या ‘शेक्सपिअर वाला’ (१९६५) या चित्रपटाला शेक्सपिअरानाच्याच अनुभवांचा आधार होता. त्यात जेफ्री, लॉरा व फेलिसिटी प्रमुख भूमिकांत होते, शशी कपूर नायक होते, आणि जेनिफर यांच्या वाट्याला छोटे काम आले. ‘बॉम्बे टॉकी’ (१९७०) मध्ये मात्र त्या नायिका झाल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आलेली, एका नटाच्या प्रेमात पडणारी आणि स्वतःच्या एकटेपणाने आसपासच्यांचे आयुष्य विस्कटून टाकणारी इंग्रज लेखिका लुशिया लेन त्यांनी उभी केली. समोरचे नट होते शशी कपूर. प्रेक्षकाची सहानुभूती मागण्याचा मोह अशा भूमिकेत मोठा असतो. जेनिफर यांनी तो टाळला आहे.

श्याम बेनेगल यांच्या ‘जुनून’ (१९७८) मध्ये त्या मरियम लबादूर झाल्या. रस्किन बाँड यांच्या कथेवरील हा चित्रपट १८५७ च्या उठावातला. पती मारला गेल्यावर मरियम आपली वृद्ध आई आणि तरुण मुलगी रूथ यांच्यासह पठाण जावेद खानच्या घरी अडकते. जावेदला रूथशी लग्न करायचे आहे. नकार देण्याची ताकद नाही, होकार द्यायचा नाही; तेव्हा ती दिल्लीच्या निकालावर पैज लावते. दिल्ली बंडवाल्यांच्या हाती राहिली तर मुलगी देईन, इंग्रजांनी घेतली तर विषय संपला. शशी कपूर, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह असा संच असूनही हा प्रसंग जेनिफर यांचाच राहतो. पराभूत, आश्रित बाई घरमालकाशी बरोबरीने बोलते आहे, आणि आवाज कुठेही चढत नाही.

त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका अपर्णा सेन यांच्या पहिल्या चित्रपटातली, ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) मधली. शशी कपूर यांच्या निर्मितीसंस्थेचा हा चित्रपट. व्हायोलेट स्टोनहॅम ही कलकत्त्याच्या मुलींच्या शाळेत शेक्सपिअर शिकवणारी वयस्कर अँग्लो-इंडियन शिक्षिका. एकटी राहते, सोबतीला शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधल्या पात्राचे नाव दिलेले मांजर. भाची ऑस्ट्रेलियाला निघून गेलेली, भाऊ वृद्धाश्रमात (ही भूमिका जेफ्री केंडल यांनी केली). शाळेत तिच्याकडून शेक्सपिअर काढून घेऊन व्याकरण सोपवले जाते. जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र घरी येऊ लागतात आणि म्हातारीच्या आयुष्यात गजबज येते. त्या दोघांना मात्र फक्त तिच्या रिकाम्या घराची गरज असते. लग्न झाल्यावर ते तिला टाळतात. शेवटी रस्त्यावर, भटक्या कुत्र्याच्या सोबतीने चालत ती ‘किंग लिअर’मधील ओळी म्हणते.

या वेळी जेनिफर पन्नाशीच्याही अलीकडे होत्या. पाठीचा बाक, जड पावलांची चाल, चहाचा कप ठेवतानाचा नेटकेपणा अशा बारकाव्यांतून त्यांनी वय वाढवले. पण या भूमिकेचे खरे बळ वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्या शेक्सपिअरवर त्यांचे बालपण वाढले, त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या काळाचे चित्र त्या रंगवत होत्या. मिस स्टोनहॅम लिअरच्या ओळी म्हणते तेव्हा त्यांत पाठांतराचा मागमूस नाही, त्या तिच्या रोजच्या बोलण्याचाच भाग वाटतात. वर्षानुवर्षे शेक्सपिअर तोंडात घोळवलेल्या नटीलाच हे शक्य होते. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार अपर्णा सेन यांना मिळाला. जेनिफर यांना लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा अभिनेत्री-पुरस्कार मिळाला आणि ब्रिटिश अकादमीच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री पुरस्कारासाठी त्यांचे नामांकन झाले. त्या वर्षी तो पुरस्कार कॅथरिन हेपबर्न यांना गेला. भारतात मात्र या भूमिकेची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, ही खंत नोंदवायलाच हवी. ‘हीट अँड डस्ट’ (१९८३) आणि सत्यजित राय यांचा ‘घरे बाइरे’ (१९८४) या चित्रपटांतही त्यांच्या लहान भूमिका आहेत.

महाराष्ट्राच्या नाट्यजीवनाच्या दृष्टीने जेनिफर केंडल यांचे मोठे काम म्हणजे पृथ्वी थिएटर. आपल्या मंडळीला कायमची जागा असावी म्हणून पृथ्वीराज कपूर यांनी जुहूला जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर शशी कपूर यांनी ती जागा विकत घेतली, १९७५ मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ विश्वस्त संस्था स्थापन झाली, वास्तुविशारद वेद सेगन यांनी आराखडा केला आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी नाट्यगृह सुरू झाले. पैसा शशी कपूर यांच्या चित्रपटांचा. नाट्यगृह कसे असावे आणि कसे चालावे याची आखणी व देखरेख प्रामुख्याने जेनिफर यांची.

सुमारे दोनशे आसने, पुढे आलेला रंगमंच आणि तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. मुंबईला नाट्यगृहांची वाण नव्हती. शिवाजी मंदिरात व्यावसायिक मराठी नाटक जोरात होते. अडचण प्रायोगिक नाटकाची होती. भाडे परवडत नाही, मोठे प्रेक्षागृह भरत नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून चालवलेली चळवळ याच अडचणीतून उभी राहिली. पृथ्वीने त्या गरजेला पश्चिम उपनगरात कायमची, नेमकी बांधलेली जागा दिली. इथे नटाचा श्वासही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, त्यामुळे खोटा अभिनय लपत नाही. प्रयोग वेळेवर सुरू होणार आणि उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही, हा दंडक इथे पाळला जातो.  

मराठी वाचकासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. पृथ्वीचा पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाचा होता, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि बेंजामिन गिलानी यांच्या संचाने केलेला. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी हा त्याचा विषय. मराठीत हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांनी केले होते. शेक्सपिअरच्या घराण्यातील मुलीने चालवायला घेतलेल्या हिंदी परंपरेच्या नाट्यगृहाचा आरंभ मराठी नाटककाराच्या राजकीय नाटकाने झाला. मुंबईच्या रंगभूमीचे बहुभाषिक रूप यापेक्षा नेमके क्वचितच दिसले असेल. पुढे सत्यदेव दुबे यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी ही जागा आपली मानली आणि हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती असे प्रयोग तिथे होत राहिले. १९८३ मध्ये पृथ्वी महोत्सवाला सुरुवात झाली.

तोवर जेनिफर यांना कर्करोगाने गाठले होते. ७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी वडील जेफ्री यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. ते त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षे जगले. पृथ्वीचा कारभार आधी कुणाल यांनी आणि नंतर दीर्घकाळ संजना कपूर यांनी सांभाळला. मुलांसाठीची नाटके आणि उन्हाळी नाट्यशिबिरे हा संजना यांच्या काळात वाढलेला भाग. २०१५ मध्ये आजारी शशी कपूर यांना दादासाहेब फाळके पुरस्कार द्यायचा होता, तेव्हा केंद्रीय मंत्री अरुण जेटली यांनी तो पृथ्वी थिएटरमध्ये येऊन दिला.