अर्जाने झालेली नगरपालिका

पनवेलला नगरपालिका मिळाली 1852 साली. ती ज्या कायद्याखाली आली, तो 1850 चा 26 वा कायदा रहिवाशांच्या अर्जावर उभा होता. गावाने मागितलं, तरच नगरपालिका. मी या गावात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले आणि आता लोकांना अनधिकृत बांधकामांचे तक्रारअर्ज लिहून देतो, म्हणून हा इतिहास मला जवळचा वाटतो. जी संस्था अर्जातून जन्मली, तिने तरी अर्जाला उत्तर द्यायला हवं.

प्रभू आळीत कुणी ओटा पुढे ओढला, तर पूर्वी नगरसेवकाला गाठलं जाई. कार्यालय एकच होतं आणि माणसं ओळखीची होती. 1966 चा नगररचना कायदा आला आणि कारवाईला कलमं मिळाली: 52 खाली गुन्हा, 53 खाली पाडण्याची नोटीस, 54 खाली काम थांबवण्याची. पण 53 ची नोटीस मिळालेला माणूस बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करू शकतो आणि त्यावर निर्णय होईपर्यंत नोटीस थांबते. ही सोय न्याय्य आहे. निर्णयच झाला नाही, तर मात्र तक्रारदार ताटकळतो.

पुढे कार्यालयं वाढली. 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली, 2013 ला आसपासच्या गावांवर सिडकोच्याच अखत्यारीतलं ‘नैना’ हे नियोजन क्षेत्र आलं, 1 ऑक्टोबर 2016 ला महापालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली महापालिकेत आली, तरी तिथली बांधकाम परवानगी सिडकोकडेच राहिली. त्यातच नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या गावांत कुटुंबं वाढली, गावठाणं वेळेवर वाढली नाहीत, आणि लोकांनी गरजेपोटी घरं बांधली. अशा घराला आणि विक्रीसाठी मजले चढवणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये. पण त्यासाठी आधी मोजायला तर हवं!

एका सोसायटीत जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भिंत घालून दुकान काढलं होतं. मी लिहिलेल्या अर्जावर आवक शिक्का पडला, मग ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव वर्ग’ असं पत्र आलं. दुसऱ्या कार्यालयाने तो हद्दीचं कारण देऊन परत पाठवला. माहिती अधिकारात नस्ती पाहिली. स्थळपाहणीच्या अहवालात भिंतीची लांबी नव्हती, मंजूर नकाशाशी तुलना नव्हती, तारीखही नव्हती. खाली सही तेवढी होती.

पनवेलहून मुंब्र्याकडे जाताना लागणाऱ्या शिळफाट्याजवळ 4 एप्रिल 2013 ला अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. पाहणी वेळेवर आणि खरी होणं किती मोलाचं, हे त्यानंतर आणखी कुणी सांगायची गरज नाही.

दाद मागायला जागा आहे. 1972 साली लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण एका भिंतीसाठी तिथवर जायची वेळ सामान्य माणसावर का यावी? बांधकाम पाडायचं की नियमित करायचं, हे कार्यालयाने ठरवावं. पाहणीला कोण आलं, काय मोजलं आणि काय ठरलं, एवढं मात्र ठरलेल्या मुदतीत अर्जदाराला लेखी कळवलंच पाहिजे. अर्ज हद्दीबाहेरचा असेल, तर तो योग्य टेबलावर पोचवून देणं हे कार्यालयाचं काम आहे, अर्जदाराचं नाही.