साखळीवरचं झाकण

शाळेत असताना आमच्या सायकलचं चेनकव्हर सतत खडखडायचं. दुकानातल्या मिस्त्रींनी ते दोनदा ठोकून सरळ करून दिलं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी स्क्रू काढले आणि कव्हर बाजूला ठेवलं. "हे काय कामाचं नाही, उगाच वाजतं," असा त्यांचा निर्णय. सायकल लगेच हलकी आणि बिनआवाजाची झाली. पुढच्याच आठवड्यात उजव्या पायाची विजार चेनमध्ये गेली आणि आम्ही रस्त्यावर आडवे झालो. काळ्या तेलाच्या डागांबद्दल घरी बोलणी बसली ती वेगळीच. त्यानंतर आम्ही कितीतरी दिवस उजवी विजार मोज्यात खोचून शाळेत जात होतो.

चेनकव्हर खरंच बिनकामाचं असतं का? असेल तर ते लावलं कशासाठी, आणि नसेल तर इतक्या सायकलींवरून ते गेलं कुठे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या सायकलींना चेनच नव्हती. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये बनलेल्या सायकलींची पायडलं थेट पुढच्या चाकाला जोडलेली असत. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग हवा असेल तर चाक मोठं करणं एवढाच उपाय होता. त्यातून पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेली उंच सायकल आली. तिच्यावरून पडणारा थेट डोक्यावर पडे. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री लॉसन यांनी चेननं मागचं चाक फिरवणारी सायकल तयार केली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली आणि आजच्या सायकलीचा आराखडा पक्का झाला. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास अडीच फेरे घेतं. आता मोठ्या चाकाची गरज उरली नाही. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकू लागले.

ही चेन आली कुठून? हान्स रेनॉल्ड हे मूळचे स्वित्झर्लंडचे इंजिनिअर. १८७९ मध्ये त्यांनी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड इथे, कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यांनी पिनेभोवती नळी आणि नळीभोवती फिरता रोलर अशा रचनेच्या साखळीचं पेटंट घेतलं. आपल्या सायकलची चेन त्याच वंशातली. म्हणजे गिरणीतल्या यंत्राचा एक भाग माणसाच्या घोट्याशेजारी येऊन बसला होता.

गिरण्यांमध्ये फिरत्या यंत्रात सैल कपडे अडकून होणारे अपघात तेव्हा चांगलेच माहीत होते. इंग्लंडमध्ये १८४४ च्या फॅक्टरी कायद्यानं गिरणीतल्या धोकादायक फिरत्या भागांभोवती कठडे किंवा आवरण घालणं बंधनकारक केलं. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही असंच कलम होतं. सायकल मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेर होती. तिच्या साखळीवर झाकण घालायचं की नाही, हे बनवणाऱ्यानं आणि विकत घेणाऱ्यानं ठरवायचं होतं.

कापड अडकतं ते नेमकं कुठे? सायकल स्टँडवर उभी करून पाहा. पायडल सावकाश पुढे फिरवलं की चेनचा वरचा पदर ताणला जातो आणि मागून पुढे सरकतो. तो पुढच्या दातेरी चक्राच्या माथ्यावर येऊन दात्यांवर बसतो. चेन आणि दाते जिथे एकमेकांना भेटतात तीच कापड आत ओढणारी जागा. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि चेनच्या लगतच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, असं धरू. मग पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५६ सेंटिमीटर चेन या जागेतून जाते. सेकंदाला एक फेरा म्हटलं, तर हात खाली जाईपर्यंत वीतभर कापड सहज आत गेलेलं असतं. सायकलच्या चेनवर निदान अर्धं कव्हर असतं ते वरच्या बाजूला, त्याचं कारण हेच.

आज कापड अडकलं तर आपण पायडल उलटं फिरवतो आणि ते सोडवून घेतो. हे जमतं फ्रीव्हीलमुळे. पण फ्रीव्हील सर्रास वापरात आलं ते १८९० च्या दशकाच्या अखेरीला. त्याआधी चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच, अशी जोडणी असे. सायकल आणि माणूस मिळून ७५ किलो वस्तुमान सेकंदाला ४ मीटर वेगानं जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ६०० ज्यूल होते. पाय थांबवले तरी ही ऊर्जा चेन ओढत राही, आणि चेनबरोबर कापडही.

या अडचणीवर त्या काळात तीन वेगवेगळे उपाय निघाले, आणि तिन्हींमागचा विचार वेगळा होता.

पहिला उपाय साखळीसाठी होता. तेव्हाचे रस्ते धुळीचे आणि चिखलाचे. धुळीचे कण तेलात मिसळले की कानस फिरवल्यासारखे पिना झिजवतात. इंग्लंडमध्ये हॅरिसन कार्टर यांनी चेन पूर्ण बंद करून तेलात ठेवणारी पेटी बनवली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांच्या 'सनबीम' सायकली अशा तेलाच्या पेटीसाठीच नावाजल्या.

दुसरा उपाय चेनच काढून टाकण्याचा. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या पोप कंपनीनं दांड्यानं आणि दातेरी चाकांनी मागचं चाक फिरवणारी 'कोलंबिया' सायकल बाजारात आणली. ती स्वच्छ होती, पण दातेरी चाकं अतिशय अचूक बनवावी लागत आणि दुरुस्ती अवघड होती. चेन स्वस्त होती, आणि चेनच टिकली.

तिसरा उपाय कपड्यांशी जोडलेला होता. घोळदार, पायघोळ झगा घालणाऱ्या स्त्रियांना उघडी चेन आणि मागच्या चाकाचे आरे हे दोन्ही धोक्याचे. म्हणून स्त्रियांच्या सायकलींचा मधला दांडा खाली आला, चेनवर कव्हर बसलं आणि मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणली गेली. त्याच काळात दुसरा एक गट म्हणत होता, यंत्र कशाला बदलायचं, कपडेच बदला. स्त्रियांना सुटसुटीत पोशाख मिळावा म्हणून १८८१ मध्ये लंडनमध्ये एक संस्थाच स्थापन झाली होती. यंत्रानं माणसाशी जुळवून घ्यायचं की माणसानं यंत्राशी, हा वाद सायकलच्या निमित्तानं रस्त्यावर आला.

पुढे या दोन वाटा देशांमध्ये वाटल्या गेल्या. नेदरलँड्समध्ये माणसं रोजच्याच कपड्यांत सायकलवरून कामाला जातात. तिथे चेनला पूर्ण झाकणारी पेटी नेहमीचीच. शर्यतीच्या सायकलींनी मात्र कव्हर टाकून दिलं. एक कारण वजनाचं. दुसरं गिअरचं. १९३७ पासून टूर द फ्रान्स शर्यतीत, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली. ही चेन आडवी सरकते, खाली लोंबते. तिला बंद पेटीत बसवणं कठीण. चाकाच्या तुंब्यातच गिअर असले तर चेन एका सरळ रेषेत राहते आणि पेटीला अडचण येत नाही. आपल्याकडे गिअरच्या सायकली आल्या त्या बहुतेक पहिल्या जातीच्या. त्यांच्याबरोबर उघडी चेन 'आधुनिक' ठरली.

कव्हरमुळे सायकल हलकी चालते का? तसं म्हणता येत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता मोजली. ती ८१ ते ९८.६ टक्के भरली. चेनवरचा ताण आणि चक्रांचा आकार यांनी फरक पडत होता. तेल लावलं की नाही यानं फारसा पडला नाही. पण ती चेन प्रयोगशाळेतली, स्वच्छ होती. रस्त्यावरच्या चेनसाठी प्रश्न आजच्या फेरीचा नसून वर्षभराच्या झिजेचा आहे.

आपल्याकडे १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाइकांत धोतर नेसणारे असणारच. धोतर, साडी, ओढणी, सैल विजार. आपला रोजचा पोशाख हा असा. त्यामुळे देशी रोडस्टरवर अर्धं किंवा पूर्ण कव्हर राहिलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकण्याची तरतूद आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हा तिचा उद्देश. 'साडी गार्ड' हे नाव त्यातूनच रूढ आहे.

हा प्रश्न शाळेच्या दाराशीही येतो. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी मदत मिळू लागली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार या योजनेमुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. ज्या सायकलीवर मुलीचं शिक्षण अवलंबून आहे, तिच्या चेनमध्ये ओढणी जाणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

मग कव्हर कोणतं निवडावं? चेन एकाच रेषेत चालणारी असेल आणि रस्ता धुळीचा असेल, तर पूर्ण कव्हर. पुढच्या चक्राचा माथा आणि वरचा पदर झाकणारं अर्धं कव्हर निदान कपडे वाचवतं. ते क्रँकला घासत असेल तर काढण्याऐवजी त्याचा क्लॅम्प सरळ करून घ्यावा. आडव्या सरकणाऱ्या चेनला पुढच्या चक्रावरची गोल तबकडी बसते. ती पूर्ण संरक्षण देत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

वर्गासाठी एक काम सुचवतो. शाळेच्या आवारातल्या सायकलींच्या चेन मोजा. सायकल स्थिर असू द्या आणि पायडलला कुणाचा हात-पाय लागू देऊ नका. एका पिनेच्या मध्यापासून २४ अंतरं मोजा. नव्या चेनमध्ये ही लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ती सुमारे ३०८ भरली तर चेन एक टक्का 'लांबली' आहे. खरं तर लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक जोडात साधारण ०.१३ मिलिमीटर झीज झालेली असते आणि ती चोवीस वेळा मिळवली जाते. कव्हर असलेल्या आणि नसलेल्या सायकलींचे आकडे वेगळे लिहा. पण त्याबरोबर चेन किती जुनी, रोज किती अंतर, तेल कधी लावलं, हेही विचारा. नाहीतर नव्या सायकलीचं श्रेय कव्हरला मिळेल.

आणि मोजताना आणखी एक रकाना ठेवा: कव्हर होतं का, आणि असेल तर ते कुणी, का काढलं. आमच्या त्या मिस्त्रींचं उत्तर तिथे बहुधा पुन्हा पुन्हा भेटेल.