थंडीवर घेतलेला आळ

१९७८ सालच्या जानेवारीतली पहाट. वडिलांना रात्रभर धाप लागली होती आणि तलासरीहून त्यांना डहाणूच्या दवाखान्यात न्यायचे होते. मेहुण्याची जुनी मोटार दारातच होती. किल्ली फिरवली, इंजिन एकदा कण्हले आणि गप्प झाले. "थंडीने गारठलंय," मी म्हणालो. आई म्हणाली, "थंडीचं राहू दे, कुणाला तरी बोलाव."

नाक्यावरचा म्हातारा मिस्त्री घोंगडी पांघरूनच आला. बॉनेट उघडण्याआधी त्याने मला दिवे लावायला सांगितले. "आता सेल्फ मारा, मास्तर." मारताच दिवे जवळजवळ विझले. पेट्रोल, प्लग यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड काचकागदाने खरवडली, पट्ट्या आवळल्या. तरी सेल्फ हलेना. "ही मे महिन्यातच मेली," तो म्हणाला, "तुम्हाला आज कळलं."

पुढे वाचनात आले, म्हातारा खरे बोलला होता. उन्हाळ्याच्या तापाने बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या झिजतात. थंडीत तेल घट्ट होते, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, नेमकी तेव्हाच बॅटरी मंद पडते. जुने दुखणे तिथे उघडे पडते. आमच्याकडची थंडी ती केवढी! तेवढीही पुरते.

सेल्फ आला १९१२ साली. चार्ल्स केटरिंगचे विजेचे यंत्र कॅडिलॅक मोटारीत बसले. त्याआधी सर्रास हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसला की मनगट मोडे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मोजून मिळू लागले, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक मोटारींना कोळशाच्या भट्ट्या बसल्या; तिथे तर सुरू करण्याआधी विस्तव फुलवीत बसायचे. सेल्फ सार्वत्रिक झाल्यावरही आपल्या देशात हँडल पुष्कळ वर्षे टिकले. ॲम्बॅसडरसोबत ते मिळत असे. (ती गाडी २०१४ साली बंद झाली. आजच्या गाड्यांना हँडल लावायला जागाच नसते.)

मेहुण्याच्या डिकीतही एक गंजके हँडल निघाले. मिस्त्रीने मला चोक अर्धाच ओढायला लावला. पूर्ण ओढून मी आधीच पेट्रोलचा वास सुटवला होता. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवून त्याने हँडल धरले आणि खालून वर झटका दिला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागले.

दवाखान्याच्या दारातही मी ते बंद केले नाही. आईने वडिलांना आत नेले. मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बाहेरच बसून राहिलो.