आधी जमादार, मग समुपदेशक

परीक्षा जवळ आल्या की आपल्या पोखर्णीत नृसिंहाच्या पायाशी पोरं नवस बोलतात. पण नापास झाल्यावर बोलायचं कुणाजवळ?

१८६० च्या दंड विधानात कलम ३०९ होतं. जीव द्यायचा प्रयत्न करून जो वाचला, त्याला एक वर्षापर्यंत कैद. निजामाचं राज्य गेल्यावर हाच कायदा आपल्यालाही लागला. खचलेल्या पोराच्या खाटेजवळ जबाब घ्यायला जमादार यायचा. समुपदेशक हा शब्दच कुणाला माहीत नव्हता.

मी नवा बातमीदार होतो तेव्हाची गोष्ट. कॉलेजातलं एक पोरगं वाचलं होतं. बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, पोटदुखीला कंटाळून असं लिहा." केसची भीती आणि चारचौघांची लाज. मी तसंच लिहिलं. अशा किती पोटदुख्या छापल्या, मोजल्या नाहीत.

विद्यापीठं मात्र जवळ आली. १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ, १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ. घरातलं पहिलंच शिकणारं पोरगं रेल्वेनं, एसटीनं निघालं. डोक्यावर फीचं ओझं, सोबत बापाची आशा. सरकारची जुनी मनोरुग्णालयं कुठं? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० ला उभी राहिली, तीही ठाण्यात.

कायदा बदलला २९ मे २०१८ पासून. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा नाही. उलट त्याच्यावर उपचार करणं सरकारचं काम. १ जुलै २०२४ ला नव्या न्याय संहितेत ३०९ गेलंच. मधल्या काळात, २०२२ या एका वर्षात राज्यात १,७६४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, देशात सर्वाधिक. हा सरकारी आकडा. त्यात माझ्यासारख्यांच्या पोटदुख्या किती दडल्या असतील, देव जाणे.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आपल्याकडची बरीच कॉलेजं यात बसतात.

तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, कुठं आणि किती वाजता भेटतो, मला कळवा. एखाद्या प्राध्यापकाच्याच गळ्यात जादा काम घातलं असेल तर तेही कळवा. तोवर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर पोरांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.