रक्तावरची साय

रोग्याच्या अंगातून काढलेले रक्त भांड्यात निवत ठेवावे आणि त्याच्या रूपावरून रोगाची परीक्षा करावी, असा युरोपातील वैद्यांचा शतकानुशतकांचा परिपाठ होता. निरोगी माणसाचे रक्त साकळले म्हणजे त्याची गुठळी बहुधा वरपासून खालपर्यंत तांबडी दिसे. न्यूमोनियासारख्या दाहाने ग्रासलेल्या रोग्याच्या गुठळीवर मात्र, दुधावर साय धरावी तसा, एक फिकट व चिवट थर चढे. ही साय म्हणजे दाहाची खूण; ती दिसते तोवर रक्त काढीत राहावे, असा निर्णय ठरलेला असे. या निर्णयापायी आधीच क्षीण झालेली किती माणसे अधिक क्षीण झाली असतील, याची गणती नाही.

साय येते कोठून, याचा शोध लंडनच्या विल्यम ह्यूसनने घेतला. त्याचे प्रयोग १७७१ साली प्रसिद्ध झाले. रक्तात क्षार मिसळून त्याने साकळणे लांबविले, तांबडे कण तळाशी बसू दिले आणि गुठळी धरण्याचा गुण वरच्या स्वच्छ द्रवाचा आहे, हे दाखवून दिले. साय ती त्याच द्रवाची. पुढे शवविच्छेदन करताना झालेली जखम चिघळून हा संशोधक १७७४ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला.

रक्तमोक्षणाचा पाया हलविला तो पॅरिसच्या प्येर लुई यांनी. रोग्यांची रीतसर मोजदाद करून, न्यूमोनियात रक्त काढण्याचा उपयोग समजुतीहून फार थोडा आहे, असे त्यांनी १८३५ च्या ग्रंथात मांडले. उपचार मागे पडला आणि त्याबरोबर सायही विस्मृतीत गेली.

तिचा उलगडा केला स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांनी, १९२१ साली. दाह होताच यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. हेच प्रथिन गुठळीचे तंतू विणते. त्याच्या योगाने तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात व झपाट्याने खाली बसतात. वर उरलेला द्रव साकळतो, तीच साय. प्रयोगशाळेत आजही होणारी ‘ई. एस. आर.’ची तपासणी म्हणजे हे खाली बसणे तासाला किती मिलिमीटर, याचे मोजमाप होय.

दाह व साकळणे यांची ही सोयरीक मुळात रक्षणासाठी आहे. जखमेतून रक्त बाहेर जाते आणि जंतू आत येतात. तंतूंचे जाळे दोघांनाही अडविते. पांढऱ्या पेशीही आपल्या गाभ्यातील धागे बाहेर टाकून जंतूंना जखडतात, हे बर्लिनमधील संशोधकांनी २००४ साली दाखविले. या धाग्यांवरही गुठळी धरते. परंतु दाह आवरेनासा झाला की हेच रक्षण प्राणावर बेतते. २०२० च्या कोविडच्या साथीत अनेक रोग्यांच्या फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी तुंबल्या, आणि रक्त पातळ ठेवणारे हेपारिन इस्पितळातील उपचारांचा भाग झाले.

जुन्या वैद्यांनी पाहिलेली खूण खरी होती. दाहात रक्ताची साकळण्याची शक्ती वाढते, हेच ती सांगत होती. रक्त काढा, असे तिने कधीच सांगितले नव्हते.