धावण्याच्या सरावात सुट्टीचा दिवस का हवा? एक दिवस न धावल्याने तयारी मागे पडते का?

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी अनेक जण पावसाळ्यातच सुरू करतात. आठवड्याचे किलोमीटर वाढत जातात. अ‍ॅपवर सलग तीस-चाळीस दिवस धावल्याची नोंद होते आणि मग ती साखळी तोडायला मन धजावत नाही. नडगी ठणकत असली तरी 'निदान तीन किलोमीटर तरी' म्हणत बूट चढवले जातात. इथेच गणित चुकतं. धावण्याने शरीराला फक्त धक्का मिळतो. त्यातून ताकद तयार होते ती नंतरच्या विश्रांतीत.

धावताना शरीरात काय होतं?

एक किलोमीटर धावताना साधारण हजार पावलं पडतात. प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यांत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, खर्ची पडतं. पोटभर खाल्लं तरी लांब पल्ल्यानंतर हा साठा भरून यायला जवळपास 24 तास लागतात. स्नायूंचं दुखणं तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवतं. या काळात शरीर डागडुजी करतं आणि पुढच्या वेळी तोच भार पेलता यावा म्हणून थोडं अधिक मजबूत होतं.

दम टिकतो, मग हाड का दुखतं?

काही आठवड्यांच्या सरावात हृदय आणि स्नायू तयार होऊ लागतात, धाप कमी लागते. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश बदलतात. वाढलेल्या भाराला जुळवून घेताना हाडाचा झिजलेला भाग आधी काढला जातो आणि मग तिथे नवा भरला जातो. काढण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरण्याला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड त्या जागी थोडं कमकुवत असतं. तेव्हा रोज भार पडत राहिला, तर बारीक तडा जाऊ शकतो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. धावणाऱ्यांमध्ये तो नडगीच्या आणि पावलाच्या हाडांत जास्त आढळतो. तो भरून यायला अनेकदा सहा ते आठ आठवडे धावणं बंद ठेवावं लागतं. एक सुट्टी वाचवण्याच्या नादात दीड-दोन महिने जातात ते असे.

सुट्टीने तयारी कमी होते?

एक-दोन दिवसांत काहीच कमी होत नाही. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता ठळकपणे घसरू लागते ती साधारण दोन आठवडे पूर्ण बंद राहिल्यावर. म्हणूनच मॅरेथॉनच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंतर मुद्दाम घटवलं जातं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी 'एक दिवस कठीण, एक दिवस सोपा' ही पद्धत रुजवली. त्यांचा विद्यार्थी केनी मूर सोप्या दिवशीही जोरात धावायचा. बॉवरमन यांनी त्याला तीन आठवडे रोज फक्त तीन मैल, तेही हळू, धावायला लावलं. त्यानंतरच्या दोन मैलांच्या शर्यतीत मूरने आपल्या आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा वीसहून अधिक सेकंद कमी घेतले. पुढे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये चौथा आला.

किती सुट्ट्या घ्याव्यात?

• नवशिक्यांनी आठवड्यातून तीन-चार दिवसच, शक्यतो एक दिवसाआड धावावं.
• अनुभवी धावपटूंनीही आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी ठेवणं सुरक्षित.
• वेगाचा सराव आणि लांब पल्ला लागोपाठच्या दिवशी नको.
• दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर थोडं कमी करावं.

सुट्टीच्या दिवशी काय करावं?

रमतगमत चालणं, हलकं सायकलिंग किंवा पोहणं चालतं. पायांचा जोरदार व्यायाम किंवा फुटबॉलचा सामना झाला, तर ती सुट्टी उरत नाही. 'आज धावलो नाही' म्हणून जेवण कमी करू नये. डागडुजीला भात-भाकरीही लागते आणि डाळ, उसळ, दूध, अंडीही. सात ते नऊ तासांची झोप सगळ्यात महत्त्वाची.

कधी थांबायलाच हवं?

दोन्ही पाय सारखेच जड वाटणं आणि चालल्यावर मोकळे होणं, हे नेहमीचं आहे. पण हाडावर एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल, धावताना वाढत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं. सकाळी उठल्यावरची नाडी काही दिवस नेहमीपेक्षा जलद असणं, झोप न लागणं, सोपा वेगही जड वाटणं, ही अति सरावाची लक्षणं असू शकतात. महिलांची पाळी चुकू लागली, तर खाणं सरावाला पुरत नसल्याची शक्यता असते. त्याचा फटका हाडांना बसतो, त्यामुळे तेव्हाही तपासणी करून घ्यावी.

वेळापत्रक आखताना लांब पल्ल्याचा रविवार आधी लिहिला जातो. त्याच्याच शेजारी सोमवारची सुट्टीही लिहून ठेवली, तर ती घेताना चुकल्यासारखं वाटत नाही.