दानशूरांची रुग्णालये आणि रोजचा खर्च

रुग्णालयाच्या दारावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी असते. ती वाचून आपण त्या दात्याला मनोमन नमस्कार करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहास पाहणाऱ्याला त्या पाटीपाशी थांबून चालत नाही. कोनशिला बसते, उद्घाटन होते, हारतुरे सुकतात. आणि दुसऱ्या दिवसापासून औषधे, दूध, धुतलेल्या चादरी व नोकरवर्गाचे पगार यांचा खर्च सुरू होतो. इमारत एकदाच बांधावयाची असते. आजाऱ्याची शुश्रूषा रोज करावी लागते. हा रोजचा खर्च कोणी उचलला, एवढाच प्रश्न हाती धरून आपल्या देशातील तीन रुग्णालयांचा वृत्तान्त आज पाहू.

पहिले मुंबईचे. चीनशी कापूस व अफूचा व्यापार करून जमशेटजी जिजीभाई यांनी अफाट संपत्ती मिळविली. त्यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले, परंतु सरकारनेही तितकीच भर घालावी असा आग्रह धरला. ३ जानेवारी १८४३ रोजी कोनशिला बसली आणि १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयही उघडले. जमशेटजी हाडाचे व्यापारी होते. एकट्याच्या देणगीवर रुग्णालय पिढ्यानपिढ्या चालत नाही, हे त्यांनी ओळखले आणि सरकारला भागीदार करून घेतले. त्यांचे नाव दारावर राहिले, कारभाराचा भार सरकारी तिजोरीवर पडला. जे. जे. रुग्णालय आजही सरकारीच आहे.

हे झाले सर्वसाधारण रुग्णालय. एकाच दुर्धर रोगासाठी वाहिलेले रुग्णालय काढावयाचे म्हणजे अडचण दुप्पट होते. यंत्रे महाग, जाणकार दुर्मिळ आणि उपचार दीर्घ. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये परदेशी रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी ठेवला, आपली संपत्तीही विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली, आणि १९३२ मध्ये तेही गेले. त्यांच्या मागे विश्वस्तांनी मुंबईत परळला कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते ते उघडले. हिंदुस्थानातील रोग्याला घरच्या देशात क्ष-किरण व रेडियमचा उपचार मिळावा, ही त्यामागील आकांक्षा होती.

पण येथेही दुसऱ्या दिवसाचा प्रश्न होताच. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हे रुग्णालय ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुशक्ती खात्याकडे गेले. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्साराचे महत्त्व किती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या खात्याची निवड विचित्र वाटणार नाही. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे रोगी येतात आणि त्यांपैकी बहुसंख्यांना मोफत किंवा अगदी अल्प दरात उपचार मिळतो. हे सरकारी पैशाशिवाय घडते ना. मात्र टाटांच्या दानाने आधी वाट पाडली नसती, तर सरकारने ताब्यात घ्यावे असे रुग्णालयच मुळात नसते.

तिसरे रुग्णालय मदुराईचे, आणि त्याची रीत या दोहोंहून निराळी. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख होते. ऐन तारुण्यात संधिवाताने त्यांची बोटे वाकडी केली होती. त्याच बोटांनी शस्त्र धरण्याचा त्यांनी सराव केला आणि हजारो मोतीबिंदू काढले. १९७६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. पाठीशी कोणी जमशेटजी नव्हता, टाटा नव्हता. घर गहाण पडले, भावंडे मदतीला आली आणि अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू झाले.

ज्याला ऐपत आहे त्याने पैसे द्यावेत, ज्याला नाही त्याने देऊ नयेत, आणि पहिल्याच्या पैशातून दुसऱ्याचा खर्च भागावा, ही त्यांची योजना. ऐकावयास ती सोपी वाटते. परंतु पैसे देणारा पुष्कळ देत नव्हता. तो बाजारभावाइतके किंवा त्याहून कमीच देत होता. मग हिशेब जुळला कसा? तो जुळला कामाच्या शिस्तीने. एका खोलीत दोन टेबले. एकावर शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्यावर पुढचा रोगी तयार. खेड्यापाड्यांतील मुलींना निवडून शिकविले आणि तपासणीची व तयारीची बहुतेक कामे त्यांच्याकडे दिली, म्हणजे शल्यविशारदाचा क्षणही वाया जाऊ नये. अमेरिकेतील मॅक्डोनल्ड उपाहारगृहांत सर्वत्र एकाच प्रतीचा माल झपाट्याने निघतो, हे पाहून डॉक्टरांना प्रेरणा मिळाली होती. माणसे वाढली तसा दर शस्त्रक्रियेमागचा खर्च उतरला. मोफत रोगी हा संस्थेवरचा बोजा राहिला नाही. हात सराईत होण्यास आणि यंत्रे सतत चालू राहण्यास त्याचाच हातभार लागला.

पुढे डोळ्यात बसविण्याच्या कृत्रिम भिंगाचा प्रश्न आला. परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरांच्या घरात होती. गरिबाला ते मिळणे शक्य नव्हते. तेव्हा १९९२ मध्ये संस्थेने मदुराईलाच ऑरोलॅब नावाचा कारखाना काढला आणि ते भिंग दहा डॉलरांच्या आसपास, पुढे त्याहूनही स्वस्त, मिळू लागले. आज ती भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात. डॉ. वेंकटस्वामी २००६ मध्ये निवर्तले. काम थांबले नाही.

मग सर्वच रुग्णालये मदुराईच्या वाटेने का जाऊ नयेत, असे कोणीही विचारील. याचे उत्तर रोगाच्या स्वरूपात आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची. रोगी लौकर घरी जातो, बहुधा पुन्हा कामाला लागतो. कर्करोगाचा रोगी महिनोन् महिने उपचार घेतो आणि प्रत्येकाचा उपचार निराळा. तेथे हात कितीही सराईत झाले तरी खर्च फार उतरत नाही; तेथे सार्वजनिक तिजोरीला पर्याय नाही. दान, स्वकमाई आणि सरकार यांत श्रेष्ठ कोण, हा वाद म्हणून व्यर्थ होय. कोणत्या रोगाला कोणता आधार पुरेल, हे पाहिले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात तर या प्रश्नाला कायद्याचेही अंग आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना सवलती मिळतात, त्यांच्या बदल्यात गरिबाला काय मिळते? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना मंजूर केली. शेकडा १० खाटा निर्धनांना मोफत, आणखी १० दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी एकूण देयकांतील शेकडा २ रक्कम वेगळ्या निधीत टाकावयाची. म्हणजे ऐपतदाराच्या पैशातून गरिबाचा उपचार हे मदुराईचेच तत्त्व येथे सक्तीने आले. अंतर आहे ते दारापाशी. येथे गरिबाला उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवून गरिबी सिद्ध करावी लागते. मदुराईस पैसे द्यावयाचे की नाही, हे रोगी स्वतःच ठरवितो. ज्या संस्थेला मोफत रोगी नुकसानीचा वाटतो, ती त्याच्याकडे कागद मागते. जिने त्याचा खर्च आधीच हिशेबात धरला आहे, तिला तो मागण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा उद्या आपल्या गावी कोणी रुग्णालयासाठी वर्गणी मागावयास आले, तर जरूर द्यावी. पण देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. इमारत उभी राहिल्यावर रोजचा खर्च कोठून येणार? आणि ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्याशी तेथील माणूस पहिले वाक्य काय बोलणार? याची उत्तरे ज्यांच्यापाशी तयार आहेत, त्यांच्या हाती दिलेला रुपया वाया जाणार नाही.